पाठचा भाऊ

बारक्या माझ्या पाठचा भाऊ. आधी मी झाले, मग माझ्या पाठीवर तो. गंमत अशी की जगाने आयुष्यभर पाठ पाहिली ती त्याची, आणि त्याचं तोंड पाहायला उरले मी एकटी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमचा रॉक बँड आहे. बारक्या गिटार वाजवतो, मी ड्रम वाजवते, मुनी बास वाजवतो आणि गातो. त्याला मुनी म्हणतात, कारण गाण्यात जेवढे शब्द असतात तेवढेच तो तोंडातून काढतो. माझा नवरा आमचा मॅनेजर आहे, म्हणजे आम्ही वाजवतो आणि तो फोनवर बोलतो. बारक्याची ख्याती ही की तो लोकांकडे पाठ करून उभा राहतो. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. कितीही टाळ्या पडोत, वळून बघत नाही. शेवटचं गाणं संपलं की तसाच सरळ चालत मागच्या पडद्याआड जातो. लोक त्याला 'पाठमोरा' म्हणतात. पोस्टरवर त्याची पाठ, रेकॉर्डच्या कव्हरवर पाठ, टी-शर्टवर पाठ. टी-शर्टवर तर ती छातीवरच छापलेली असते, त्यामुळे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा समोरचा माणूस येतोय की जातोय हे मला कळेना.

यावर काय काय लिहिलं गेलं! एकाने लिहिलं, ही प्रसिद्धीकडे फिरवलेली पाठ आहे. दुसऱ्याने लिहिलं, हा श्रोत्यांचा अपमान आहे आणि श्रोते त्याचेच भुकेले आहेत. तिसऱ्याने 'पाठ हाच त्याचा चेहरा' असं लिहिलं, ते माझ्या नवऱ्याला इतकं आवडलं की त्याने ते उचलून पुढच्या पोस्टरवर टाकलं. कुठली कुठली पोरं आरशाकडे पाठ करून गिटार शिकली म्हणे. आरसा तरी कशाला लागला मग त्यांना?

खरं कारण एवढंच की बारक्याला चारपर्यंत मोजता येत नाही.

म्हणजे बाजारातून चार लिंबं आण म्हटलं तर तो चारच आणतो. पण गिटार हातात आली की आकडे पळून जातात. बोटं अशी चालतात की ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं, सूर मनात येतो तसा तारेतून निघतो, सगळं देवाने भरभरून दिलं, आणि मोजण्याच्या खात्यात शून्य. केव्हा थांबायचं ते कळतं. थांबल्यावर पुन्हा केव्हा सुरू करायचं ते कळत नाही. लहानपणी आम्ही स्वयंपाकघरात सराव करायचो. मी कपड्यांची प्लास्टिकची बादली उलटी घालून बडवायची, आणि त्याची वेळ आली की हनुवटी खाली करायची. एक, दोन, तीन, आणि चारला हनुवटी खाली. हनुवटी गेली की पुढच्या ठोक्याला त्याने यायचं. हात दोन्ही गुंतलेले, पाय बादलीला टेकलेला, तोंडाने ओरडलं तर आई ओरडणार. मोकळी होती ती हनुवटी.

पहिला कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात झाला. बारक्या चांगला लोकांकडे तोंड करून उभा राहिला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. पहिल्याच गाण्यात तो दोन ठोके आधी घुसला. मुनीने डोळे वटारले. मग तो घाबरून थांबला तो थांबलाच. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. माझ्या हातात दोन काड्या होत्या, पण त्याला आधार हवा होता हनुवटीचा. तो गर्रकन वळला, माझ्याकडे बघितलं, मी हनुवटी खाली केली आणि तो असा आला की सभागृह उठून उभं राहिलं. त्यानंतर त्याची वळायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो पाठीचा. झालं. तेव्हापासून आम्ही त्या फोटोत राहतोय.

या धंद्यात मी एक गोष्ट पाहिली. रॉकवाल्यांची शैली म्हणतात ती पुष्कळ वेळा लपवलेली अडचण असते. आमच्या ओळखीचा एक कीबोर्डवाला कमरेत वाकून, नाक पट्ट्यांना लावून वाजवायचा. लोकांना वाटायचं, केवढी तन्मयता. त्याच्या बँडकडे सुरुवातीला ठेंगणं टेबल होतं, एवढंच. पुढे चांगलं उंच स्टँड आलं, पण लोकांना तो वाकलेलाच हवा होता. आता कोटाच्या आत कमरेचा पट्टा बांधून वाकतो बिचारा. एक गाणारी होती, ती प्रत्येक गाणं किंकाळी मारून सुरू करायची, कारण तिच्या पहिल्या जागेतला माईक जोरात ओरडल्याशिवाय जागा व्हायचा नाही. माईक कधीच भंगारात गेला. किंकाळी तिच्या गळ्यात राहिली. अडचण जाते हो, पण लोकांनी तिला एकदा टाळ्या दिल्या की माणूस आतच राहतो आणि बाहेरून कडी लागते.

आमचंच बघा. आमच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात. पूर्ण शांतता. हॉलमध्ये कुणी खोकत नाही. मग गिटार येते, आणि लोक वेडे होतात. त्या थांब्याला जाणकारांनी 'मोठा श्वास' असं नाव दिलंय. तो श्वास वगैरे काही नव्हता. बारक्याला तेव्हा केस होते आणि ते डोळ्यांवर यायचे. ते बाजूला सारून त्याला माझी हनुवटी दिसेपर्यंत मी थांबायची. आता केस गेले, चार मात्रांचा थांबा राहिला.

हे सगळं असंच चाललं असतं, पण माझा उजवा खांदा संपला.

आधी केस विंचरताना कळ यायची. मग वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. मोठ्या झांजेवर हात उचलला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि मी दात ओठ खाऊन वाजवायची. त्यावरही कुणीतरी लिहिलं की तिच्या वादनात आता एक नवा संताप आलाय. डॉक्टरीणबाईंनी हात धरून वर केला, मी किंचाळले, त्यांनी हात खाली ठेवला.

"काय करता तुम्ही?"

"ड्रम वाजवते."

"वाजवत होता," त्या म्हणाल्या. "आता थांबवा. नाहीतर पुढे हा हात घास तोंडापर्यंत न्यायलासुद्धा उठणार नाही."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने फोन खाली ठेवला, यावरून त्याला किती वाईट वाटलं ते मला कळलं. मग म्हणाला, "अगं, ठरलेल्या तेवढ्या तारखा होऊ दे, मग बघू." मी हे ओळखून आहे. तारखांच्या पाठोपाठ तारखा येतात. मग बारक्याला सांगितलं. तो गिटारच्या तारा काढून बसला, पुसल्या, परत लावल्या. तो बोलला असता तर बरं झालं असतं. तो गप्प बसला की मला तो पाच वर्षांचा दिसतो.

माझ्या जागी नवीन ड्रमवाला बघायचं ठरलं. आला तो चांगला कसलेला गडी होता, मोठ्या मोठ्या बँडांत वाजवलेला, ठोका असा की त्याच्यावर घड्याळ लावावं. वागायलाही गुणी. फक्त त्याची दाढी छातीपर्यंत. पहिल्याच सरावात बारक्या त्याच्याकडे वळून उभा राहिला आणि बघत राहिला. दाढीतून 'आता'ची खूण दिसेना. थांबा आला, थांबा गेला, गिटार आलीच नाही.

"हनुवटी खाली करा हो," मी कोपऱ्यातून म्हटलं.

"केली की ताई!"

"दिसली पाहिजे."

भला माणूस. दुसऱ्या दिवशी दाढी काढून आला. खाली हनुवटी अगदी बारकीशी निघाली, लाजल्यासारखी. पण आता दुसरंच संकट. त्याला प्रत्येक ठोक्याला मान डोलवायची सवय. कबुतरासारखी मान खाली, वर, खाली, वर. आणि बारक्या आज्ञाधारक. प्रत्येक वेळी मान खाली गेली की हा घुसायचा. मुनी त्या दिवशी गाण्याबाहेरचं एक वाक्य बोलला. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नवऱ्याने तोडगा काढला की समोर एक लाल दिवा लावू, तो लागला की वाजव. बारक्या म्हणाला, "भावोजी, दिव्याला तोंड असतं का?" विषय संपला. मी पुन्हा ड्रमवर जाऊन बसले. दाढीवाला (आता त्याला दाढी नव्हती, पण नाव चिकटलं होतं) माझ्या खांद्याला लावायला एक मलम देऊन गेला.

त्याच सुमाराला रेडिओची एक बाई मुलाखतीला आली. सरावाच्या खोलीत बारक्यासमोर माईक धरून बसली, मी बाजूला खांदा शेकत होते. तिने नेहमीचे मोठाले प्रश्न विचारले: नकार, बंडखोरी, अलिप्तता. बारक्या नेहमीसारखा "हं, असेल" म्हणत राहिला. मुलाखत संपली. माईकची वायर गुंडाळता गुंडाळता तिने सहज विचारलं, "तुम्हाला कधी बघावंसं नाही वाटलं का हो, समोर कोण असतं ते?"

बारक्या म्हणाला, "ताई सांगते ना."

खरं होतं ते. कार्यक्रम झाला की परतीच्या गाडीत तो विचारायचा, "आज कोण होतं?" आणि मी सांगायची. कोण नाचलं, कोण रडलं, कोण बायकोला घेऊन आलं आणि पूर्ण वेळ भांडत बसलं. आता खरं सांगायचं तर स्टेजचे दिवे डोळ्यांवर असतात, दोन रांगांपलीकडे मला काही दिसत नाही. पण त्याचा चेहरा असा ऐकता व्हायचा की मी रचून सांगायची. एकदा मी तिसऱ्या रांगेत पिवळा कोट घातलेली एक म्हातारी बसवून दिली. एकटी आली होती, म्हटलं, आणि थांब्याच्या वेळी डोळे मिटून बसली होती. बारक्याला ती फार आवडली. पुढच्या वेळी त्याने विचारलं, "ती पिवळ्या कोटवाली आली होती का?" आता नाही कसं म्हणू? आली होती म्हटलं. मग ती येतच राहिली. कधी मी तिला सर्दी दिली, कधी छत्री दिली. मारता येईना मला तिला.

रेडिओवाली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बारक्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. मी डाव्या हाताने चहाचं पातेलं उचलायची खटपट करत होते.

"ताई, मी वळतो," तो म्हणाला.

"कुठे वळतोस?"

"लोकांकडे. तुझ्याकडे न बघता आलो की झालं ना? मग तू काय, कबूतर काय, कुणीही वाजवू दे. तू सुटशील." मग भिंतीकडे बघत म्हणाला, "आणि मलाही बघायचंय गं. एकदा तरी."

मला रडू आलं. लपवलं नाही. पातेलं खाली ठेवलं आणि म्हटलं, "आधी चारपर्यंत मोजायला शीक, घोड्या."

शिकवायला बसले. तो फ्रिजकडे तोंड करून उभा, मी मागे स्टुलावर, हातात एक लाकडी डाव. एक, दोन, तीन, चार, आता. तो दोनला आला. पुन्हा. तो आलाच नाही. पुन्हा. त्याने विचारलं, "तीन झाले का?" पायाने मोजून बघितलं, बोटं दुमडून बघितली, डोळे मिटून बघितले. पालथ्या घड्यावर पाणी. चहा गार झाला, माझं डोकं तापलं.

"अरे मठ्ठ, बोलायला येतं ना तुला? बोलताना अडखळतोस का कधी?"

"नाही."

"मग आकडे सोड. काहीतरी बोल. मनात बोल आणि वाक्य संपलं की वाजव."

"काय बोलू?"

"मला काय विचारतोस? जे सुचेल ते बोल."

तो फ्रिजकडे बघत उभा राहिला. मी डाव खाली आपटला, थांबा सुरू झाला. फ्रिजच्या चकचकीत दारात बारक्याचे ओठ हलताना दिसले. आणि बरोबर पुढच्या ठोक्यावर, केसभर इकडेतिकडे नाही, गिटार आली.

"पुन्हा," मी म्हटलं. पुन्हा आली. पुन्हा. त्यालाही एका स्टुलावर बसवलं आणि मी त्याच्या पाठीला पाठ लावून बसले, म्हणजे माझ्याकडून चुकूनही खूण जायला नको. पाठीमागून त्याचा आवाज हाडात ऐकू येत होता. दर वेळी बरोबर.

"काय म्हणतोयस रे मनात?"

तो जरा लाजला. मग ठोक्यात म्हणून दाखवलं: "ताई दमली, ताई दमली, ताई गेली, घरी."

चार मात्रा. चौथीवर 'घरी'. त्यानंतर आता.

त्यानंतर कित्येक सकाळी आम्ही पाठीला पाठ लावून त्या स्वयंपाकघरात बसलो, आणि तो एकदाही चुकला नाही. एरवी मी माझ्या नशिबावर इतक्या लवकर विश्वास ठेवत नाही, पण मनात म्हटलं, सुटले. ठरलं असं: पुढच्या कार्यक्रमात मीच वाजवायचं, पण गाजलेल्या गाण्यात हनुवटी हलवायची नाही. बारक्याने बाकी गाणी नेहमीसारखी वाजवायची, आणि त्या गाण्यात थांबा आला की वळायचं. ते जमलं की त्याच्या पुढच्या तारखेपासून ड्रमवर दाढीवाला, आणि मी घरी. दाढीवाला पडद्याआड उभा राहून ऐकणार होता. मान न डोलवता.

नवरा फक्त एवढंच म्हणाला, "लोकांना चालेल ना गं?"

"लोकांना काय करायचंय? गिटार ऐकायला येतात ना?" मी खेकसले.

तो फोन घेऊन बाहेर गेला. नवरा एवीतेवी चुकतोच, पण जेव्हा बरोबर निघतो तेव्हाचा राग मला जास्त येतो.

हॉल मोठा होता, भरलेला होता. बारक्या नेहमीसारखा माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. नवा शर्ट घातला होता, पुढून इस्त्री केलेला. एरवी तो पुढून इस्त्री करत नाही, कोण बघतंय म्हणून. पहिली गाणी गेली. खांदा पेटला होता, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. शेवटचंच आहे म्हटल्यावर दुखण्यालाही माणूस चहा पाजतो. मग ते गाणं आलं. लोकांनी पहिल्या सुरालाच आरडाओरडा केला. अर्ध्यात आम्ही पोचलो, माझी झांज वाजली, मी ती हाताने धरून गप्प केली, आणि थांबा सुरू झाला.

बारक्या वळला.

माझ्या पाठच्या भावाची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. जिच्यावर पुस्तकं लिहिली गेली ती पाठ अगदी साधी होती. शर्ट घामाने चिकटलेला, मानेच्या वर पडलेलं टक्कल, डावा खांदा जरा उतरलेला, आमच्या वडिलांसारखा. मी हनुवटी वर धरून बसले. ताई दमली, मी मनात म्हटलं. ताई दमली. ताई गेली. घरी.

आणि तो आला. असा आला, असा आला की काय सांगू! मुनीने माझ्याकडे वळून बघितलं आणि चक्क हसला. माझे हात आपोआप चालू झाले. मी मोठ्याने हसत होते आणि रडत होते आणि वाजवत होते, आणि मला वाटत होतं, उद्या सकाळी मी केस विंचरणार नाही, काही उचलणार नाही, नुसती बसणार.

हॉल शांत होता. आधी मला वाटलं भारावून गेलेत. मग पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडून विचारलेलं ऐकू आलं, "हा कोण?"

आमच्या कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. त्यांनी त्याचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या लेखी समोर एक टक्कल पडलेला, पन्नाशी उलटलेला, कुणीतरी अनोळखी माणूस उभा होता. "पाठमोरा कुठाय?" एक जण ओरडला. "पैसे परत द्या!" दुसरा. मग ज्याला कळलं त्याने ओरडायला सुरुवात केली, आणि ते सगळ्या हॉलभर झालं: "पाठ! पाठ! पाठ! पाठ!" आणि मेले माझ्या पायाच्या ठोक्यावर ओरडत होते. मी त्यांना ताल देत होते.

बारक्या वाजवत राहिला. एक सूर चुकला नाही. फक्त त्याची मान पुढे झाली होती आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत होती. त्या क्षणी दिवे फिरून लोकांवर आले आणि त्याच्या खांद्यावरून मलाही दिसलं त्याला काय दिसत होतं ते. पाठी. रांगांमागून रांगा टी-शर्ट, आणि प्रत्येकाच्या छातीवर त्याचीच पाठ. इतक्या वर्षांनी तो वळला तर सगळा हॉल त्याच्याकडे पाठ करून उभा. तो तिसऱ्या रांगेत शोधत होता. मला कळत होतं कुणाला शोधतोय. पिवळं काही नव्हतं तिथे.

त्याचा डावा खांदा आणखी उतरला. आणि तो परत माझ्याकडे वळला.

हॉल फुटला. तशा टाळ्या आम्हाला जन्मात पडल्या नव्हत्या. नवरा पडद्याआड कानाला फोन लावून उभा होता आणि मला एक बोट वर करून दाखवत होता, अजून एक तारीख आली म्हणून. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं की कशाचं ते त्यालाच ठाऊक. दाढीवाल्याने मान खाली घातली होती.

बारक्या रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला बळ आलं असतं. शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गाच्या दारातून त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं होतं, तसा तो बघत होता.

त्या गाण्यात थांबा दोनदा येतो. दुसरा येत होता. माझी झांज वाजली, मी ती धरली, हॉलने श्वास रोखला. त्याला येत होतं. आत्ता, या गाण्यात, हजार माणसांसमोर त्याने ते करून दाखवलं होतं. त्याने मनात वाक्य म्हटलं असतं तर तो बरोबर आला असता, आणि मी सुटले असते, लोकांकडे त्याची पाठ असो नाहीतर पोट. मी त्याच्या ओठांकडे बघितलं. ते हलत नव्हते. डोळे माझ्या हनुवटीवर होते.

नाही हलवायची, मी स्वतःला बजावलं. चुकला तर चुकू दे, एकदा चुकला की शिकेल. मीच त्याच्या वाटचं म्हणायला लागले, दात आवळून. ताई दमली. त्याचे ओठ बंद. ताई दमली. तो बघत होता. ताई गेली.

'घरी' म्हणायच्या जागी माझी हनुवटी खाली गेली.